बिजागरीवरचं कुंकू

दसरा, संध्याकाळी सात

दुपारी लोअर परळच्या दुकानात जुना लॅपटॉप एक्स्चेंजला देऊन नवा घेतला. स्क्रीन पूर्ण मागे वळवून पाटीसारखा हातात धरता यायचा, तोच जुना. आई दर दसऱ्याला त्याच्या बिजागरीवर कुंकू लावायची, पोटाला घालतो म्हणून. काउंटरवरच्या मुलीने नेमकं तिथेच बोट ठेवलं. "मॅडम, ये क्या लगा है?" आणि मी काय म्हटलं? "पता नहीं, कुछ गिरा होगा." वर थुंकी लावून अंगठ्याने खसाखसा पुसलं. का? तिच्या कपाळावरही टिकली होतीच की!

घरी आले तर आईने पूजेचा पाट मांडून ठेवलेला. दोघं मावतील एवढा. "जुना कुठाय गं? त्याच्या शेजारी नव्याला बसवू."

ऑफिसात राहिला, म्हटलं. 

तिने नव्याला कुंकू लावलं, झेंडू वाहिला. आरती घ्यायला हात पुढे केला, तर अंगठ्याच्या नखात लाल तसंच. आईला दिसलंच.

"ऑफिसात जुन्याला लावून आलीस वाटतं? शहाणी गो बाय माझी!"

मी मान हलवली. हो म्हणून.