मिसाक शिंप्याच्या घरच्यांना माती देण्याबाबत

प्रति,
मा. तालुका प्रशासक,
तालुका कचेरी, यूकारीपिनार.

विषय : परसात सापडलेल्या तीन माणसांच्या दफनास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : आपले उत्तर, ‘जनावरांच्या अवशेषांची विल्हेवाट’.

महोदय,

मी, शेहरिबान देमिरकान, राहणार कोझलूदेरे, वरील विषयी दुसऱ्यांदा अर्ज करीत आहे.

१) गेल्या उन्हाळ्यात माझे पती याकूब यांनी रीतसर परवाना काढून परसातल्या तुतीखाली गुप्तधनासाठी खणले. परवान्याच्या अर्जात ‘पूर्वीच्या आर्मेनी मालकांचे सोने’ असे कारण लिहिले होते व ते आपल्या कार्यालयाने मान्य केले होते. सोने निघाले नाही. तीन माणसांची हाडे निघाली. त्यांतली एक कवटी माझ्या ओंजळीत मावेल एवढी होती.

२) हजर असलेले निरीक्षक म्हणाले, “मेंढ्या असतील. बुजवून टाका.” मी म्हटले, “साहेब, मेंढ्या कानात डूल घालतात का?” त्यावर ते म्हणाले, “बाई, तोंड आवरा. ज्या शब्दाकडे तुम्ही चालला आहात, तो उच्चारला तर कायद्याचं कलम लागतं.” मी कोणताही शब्द उच्चारला नव्हता. डूल म्हटले होते. पंचनाम्यात ‘मेंढ्या’ असेच लिहिले गेले. म्हणजे सोने आर्मेनी चालते, हाडे चालत नाहीत, असा माझा समज झाला. चुकत असल्यास दुरुस्त करावे.

३) माझा पहिला अर्ज आपण पशुवैद्यकीय खात्याकडे पाठवलात. डॉक्टर आले. हाडांवरची चादर उचलून पाहिली, खाली बसले, चहाला हात लावला नाही. “बहिणी, हे माझ्या खात्याचं काम नाही,” एवढे बोलून गेले. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही.

४) आमचे इमाम म्हणाले, “ते आपले नव्हते.” गावप्रमुख मुख्तार म्हणाले, “मयताचं नाव आण, मग बघू.” म्हणून मी सासूबाई झेलिहा यांना विचारले. त्या नव्वदीला टेकल्या आहेत. त्या उलट रागावल्या, “तुतीखाली कशाला खणलंत? सगळ्यांना ठाऊक आहे तिथं काय आहे ते!” सगळ्यांना म्हणजे मी व पती सोडून सगळ्यांना.

५) त्यांनी सांगितले ते असे. घर मिसाक शिंप्याचे. १९१५ साली आर्मेनींना गाव सोडून जाण्याचा सरकारी हुकूम आला तेव्हा त्याची बायको बाळंतीण होती, म्हणून ते तळघरात लपून राहिले. मी विचारले, “मारलं कुणी?” सासूबाई म्हणाल्या, “घर कुणाला मिळालं?” मग म्हणाल्या, “माझी सासू सांगायची, चुलीवर भांडं शिजत होतं. आपल्या माणसांनी ते उतरवलं आणि जेवायला बसली.”

महोदय, त्या चुलीवर मी बावीस वर्षे स्वयंपाक करते आहे.

६) तरी नोंद पुढीलप्रमाणे व्हावी. मिसाक, धंदा शिंपी. त्याची बायको, नाव कुणी विचारले नव्हते. मूल, नाव ठेवले होते की नाही ते माहीत नाही. पत्ता आमचाच लिहावा. कचेरीतल्या लेखनिकांनी मला हळूच बजावले, “पत्ता लिहिलात तर उद्या घराच्या मालकीचा प्रश्न निघेल.” पतीही तेच म्हणाले व आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पत्ता तोच राहू द्यावा. जे झाले त्याला कोणता शब्द वापरायचा, हे मोठ्या लोकांनी ठरवावे. माझे शिक्षण पाचवीपर्यंतचे. पण ‘मेंढ्या’ हा शब्द तेवढा खोडावा.

७) काल सकाळी पती फावडे घेऊन टेकडीवर गेले. मी पाण्याची कळशी घेऊन मागोमाग गेले. कमरेइतका खड्डा झाल्यावर ते थांबले व म्हणाले, “शेहरिबान, यांची डोकी कोणत्या बाजूला करतात गं?” मी कळशी तिथेच ठेवली. घरी येऊन सासूबाईंना विचारले, मुख्तारांना विचारले, इमामांना विचारले. इतकी वर्षे त्यांच्या घरांत राहून, त्यांच्या झाडांची फळे खाऊन, आख्ख्या गावात एकालाही ते माहीत नव्हते.

तरी कृपा करून शहरातून त्यांचा एखादा पाद्री, किंवा त्यांच्यातले कुणीही जाणते माणूस, पाठवावे. खड्डा उघडाच ठेवला आहे.

आपली नम्र,
शेहरिबान देमिरकान
कोझलूदेरे, १७ ऑक्टोबर २०१२

साक्षीदार : झेलिहा देमिरकान (अंगठा)
याकूब देमिरकान (सही)