घड्याळापायी गौरम्मा कंधारला आली, त्याची हकीकत

औसा, मंगळवार

रा. रा. सिद्धेश्वरराव यांस माणिकप्पाचे शरणु शरणार्थी. आपली तब्येत ठीक असेल. वहिनींचा गुडघा आता जिने चढू देतो का, ते कळवा. आमच्याकडे सगळं ठीक, म्हणजे मी एकटाच आहे आणि भात रोज खालून लागतो.

तुमची भगिनी गौरम्मा चार दिवसांपासून तुमच्याकडे आहे. 'हवापालटाला आले' असं तिनं सांगितलं असेल. (औशाच्या आणि कंधारच्या हवेत काय फरक आहे, ते तुम्हीच सांगा.) म्हणून खरी हकीकत लिहून पाठवतो. फोन केला असता, पण ज्याला चार्जिंग लागतं अशा वस्तूवरून माझा भरवसा उडालाय.

आमच्या लेकीनं, साक्षीनं, पुण्याहून मला मनगटी घड्याळ पाठवलं. ते वेळ सांगतं, पण तो त्याचा जोडधंदा. पावलं, छातीचे ठोके, झोप आणि मनावरचा ताण मोजणं हे त्याचं खरं काम, आणि हे सगळे आकडे तिकडे साक्षीलाही तिच्या मोबाइलवर दिसतात. पहिल्या सकाळी मी चांगला ताजातवाना उठलो, चहा घेतला, दुकानाकडे निघालो आणि घड्याळात पाहिलं : झोप एकेचाळीस टक्के. झालं! तिथंच जांभया सुरू झाल्या. गिऱ्हाइकानं दोन इंची खिळे मागितले, मी बिजागऱ्या काढून दिल्या. दुसऱ्या रात्री डासांनी फोडून काढलं, पण सकाळी घड्याळ म्हणालं ब्याऐंशी, आणि मी दिवसभर शीळ घालत हिंडलो. आपण झोपलो की नाही हेसुद्धा मी दुसऱ्याला विचारायला लागलो होतो, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

मग मी ताणाच्या मागे लागलो. गौरम्मा बोलायला लागली की आकडा चढतो, असं दिसलं. तीन दिवस मी गुपचूप पडताळा घेतला आणि चौथ्या दिवशी जेवताना तिला तो शोध सांगितला. (काही शोध माणसानं पोटातच ठेवावेत.) ती म्हणाली, "मग न्हाई बोलत." आणि खरंच बोलली नाही. ताट यायचं, पाणी यायचं, शब्द नाही. फोडणीतली मोहरी तेवढी घरात आवाज करायची. आता आकडा उतरेल म्हणून मी बघत बसलो, तर तो आणखीनच चढला!

त्यातच साक्षीचा फोन, "बाबा, आज फक्त अकराशे पावलं?" रोजची ती उलटतपासणी चुकवायला शुक्रवारी दुपारी मी घड्याळ काढलं आणि शेजारच्या सोमेशच्या करडाच्या पायाला बांधलं. करडू गल्लीभर उधळलं. मी निवांत बाजेवर बसून कांदाभजी खात होतो. गौरम्मा देवळात गेली होती, फोन दुकानात राहिला होता.

तिकडे पुण्यात साक्षीला काय दिसलं? बाप पळतोय आणि ठोके एकशे साठ. मी फोन उचलेना, म्हणून तिनं सोमेशला लावला. सोमेश भला माणूस, पण तोंडाचा ढोल. "माणिकप्पाला झटका आला हो!" म्हणत तो अख्ख्या गल्लीतून पळाला. पाच मिनिटांत अंगणात वीस माणसं जमली, त्यात एक डॉक्टर. सगळ्यांच्या मागून गौरम्मा आली, अनवाणी. चपला देवळातच राहिल्या होत्या. माझ्या तोंडात भजी होती.

तिनं आधी माझ्या कपाळाला हात लावला, मग छातीला. मग करडाकडे बघितलं. म्हणाली, "बत्तीस वर्सं नुसतं तोंड बघून सांगत आलेय मी, तुमाला काय होतंय ते. तुमी त्या डबीला इचारता?" आवाज चढला नव्हता. करडाच्या पायातलं घड्याळ सोडून तिनं माझ्या भज्यांच्या ताटलीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ती तुमच्याकडे आली.

घड्याळ मी कपाटात कुलूपबंद केलंय. चार दिवस झोप लागत नाही, आणि ते मला कुणी न सांगता कळतं.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

आपला,
माणिकप्पा

ता. क. हे पत्र तुम्ही मनात वाचलं असेल, तर कृपा करून स्वयंपाकघराच्या दाराशी बसून पुन्हा मोठ्यानं वाचा. 'तुमच्यासाठीच लिहिलंय' असं गौरम्मा आतून म्हणाली, तर नाही म्हणा.

ता. ता. क. काल साक्षीनं एक नवीनच सांगितलं. आनंदानं छाती धडधडली तरी त्या घड्याळात ताणच दिसतो म्हणे, त्याला यातला फरक कळत नाही. तेव्हा तुमची भगिनी बोलायला लागली की माझा आकडा का चढायचा, ते बत्तीस वर्षांत मी तिला तोंडानं सांगितलेलं नाही. एवढं वाक्य वाचताना ती मसाला कुटत असेल, तर आधी तिला थांबायला सांगा.