यांचं मत कोण देऊन गेलं

मी खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय शिवणकाम, राहणार नवऱ्याने बांधलेल्या घरात, लिहून ठेवते की हे मृत्युपत्र मी कोणाच्या सांगण्यावरून किंवा भीतीने केलेले नाही. माझे डोके ठिकाणावर आहे असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. घर, कपडालत्ता, सुना यांच्याबाबत ते मलाही मान्य आहे. मतदानाबाबत मात्र माझा पार गोंधळ उडालेला आहे. ते इथे लिहू नका, असे वकीलबाई म्हणाल्या. पण घराची वाटणी त्यावरच अडली आहे, म्हणून लिहिते.

१. घर. मला दोन मुलगे. थोरला वर माडीवर राहतो, धाकटा खाली मागच्या खोल्यांत. गेल्या निवडणुकीपासून दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. त्या दिवशी मी मत द्यायला गेले, तर शाई लावणारी मुलगी यादीत बघून म्हणाली, "आजी, आजोबा सकाळीच येऊन गेले की." हे जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. मी वळून आधी रांगेकडे पाहिले, मग फाटकाकडे. खोटे कशाला सांगू, मनात आले, इथवर आले आणि घरी आले नाहीत. त्या भरात आत जाऊन मी कोणते बटण दाबले ते मला आजतागायत आठवत नाही.

घरी आल्यावर सांगितले, तर दोघांची जुंपली. थोरला एका पक्षाचा, धाकटा दुसऱ्याचा. थोरला म्हणाला, "मेलेल्यांना उठवून आणायची सवय तुमच्याच लोकांना आहे." धाकटा म्हणाला, "बाबांचं ओळखपत्र कपाटात असतं. किल्ली तुझ्याकडे पण आहे." ओळखपत्र जागच्या जागी होते. किल्ली दोघांकडे होती. त्यापुढे मी काही विचारले नाही.

पुढे थोरल्याचा नेता धाकट्याच्या पक्षात गेला. कालपर्यंत एकमेकांचा उद्धार करणारे दोघे नेते एकाच हारात माना घालून उभे राहिले. मला वाटले, चला, सुटले. कसले काय! माझे दोघे त्याच मांडवात दोन टोकांना उभे होते. ज्यांच्यासाठी भांडले ते एका ताटात जेवायला लागले, आणि हे अजून जिन्यात समोरासमोर आले की भिंतीकडे बघतात.

म्हणून घर दोघांना निम्मे निम्मे, पण एका अटीवर. मी गेल्यावर दोघांनी मिळून कचेरीत जावे आणि यांचे व माझे नाव मतदारयादीतून काढून यावे. वकीलबाई म्हणाल्या, "एकानं गेलं तरी चालतं, आजी." म्हटले, "मला चालत नाही." जाताना एकाच स्कूटरवरून जावे. बोलले नाहीत तरी हरकत नाही, वळणावर मागच्याला पुढच्याला धरावेच लागते.

२. शिलाई मशीन व मोठी कातर धाकट्या सुनेला. तिला सुईत दोरा ओवता येत नाही, पण शिकेन म्हणते. थोरलीला सगळे येते. तिने माझ्या शिवणीला पाहुण्यांसमोर नावे ठेवली, ते मी विसरलेले नाही.

३. माळ्यावर गळ्यात घालायच्या पट्ट्यांचा गठ्ठा आहे. कोपऱ्यावरच्या वखारवाल्याला निवडणूक लढवायची होती, पण तिकीट कोणाचे मिळणार ते ठरत नव्हते. म्हणून त्याने दोन बाजूंना दोन रंग, उलटसुलट घालता येतील असे शिवून घेतले. तिकीट मिळाले तिसऱ्याच पक्षाचे, आणि तो फिरकलाच नाही. कापड पॉलिस्टरचे, पाणीसुद्धा टिपत नाही. ज्याला हवे त्याने न्यावे.

४. मत. माझे मत कोणाच्या नावे ठेवू, असे विचारले तर वकीलबाई हसल्या. "मेल्यावर मत देता येत नाही हो." म्हटले, "आमच्या घरात येतं." त्या हसायच्या थांबल्या.

आधी सासूबाई म्हणाल्या त्याला दिले, मग हे म्हणाले त्याला, मग पोरे म्हणाली त्यांना. स्वतःच्या मनाने द्यायची पाळी आली, तर ज्याला द्यावे तो भलत्याच चिन्हावर उभा, आणि ओळखीच्या चिन्हावर कोणी अनोळखी. कोण कोणाचा, काही कळत नाही. द्यावे की घरी बसावे, तेही कळत नाही.

वरील सर्व मला वाचून दाखवले, ते मी सांगितले तसेच आहे.

सही: दोघांची आई

साक्षीदार:
१) शेजारची इस्त्रीवाली. हिने कधीच मत दिलेले नाही, तरी माझ्याइतकीच वैतागलेली आहे.
२) समोरचा चष्मेवाला. हा प्रत्येक वेळी देतो आणि कोणाला ते बायकोलाही सांगत नाही.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली.
तारीख: मतदानाच्या आदल्या दिवसाची, वकीलबाईंनी घातली ती.

ता. क. उद्या फाटक उघडायच्या आत मी केंद्रावर जाऊन बसणार आहे. कोणाला द्यायचे ते ठरलेले नाही. यांच्या नावावर कोण येतो ते एकदा डोळ्यांनी बघायचे आहे. तो माझ्या दोघांपैकी नसला म्हणजे मिळवले.