रुग्ण क्रमांक ४१७ यांना मृत नोंदविण्याबाबत

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
अभिलेख विभाग,
कर्करोग संशोधन रुग्णालय.

विषय : रुग्ण क्र. ४१७ हयात नसल्याची नोंद घेणेबाबत (महिन्याभरातील चौथा अर्ज).

संदर्भ : आपली उत्तरे – (१) रुग्ण हयात असल्याने मृत्यूचा दाखला ग्राह्य धरता येत नाही. (२) बदल हवा असल्यास रुग्णाने स्वतः सही करून अर्ज करावा.

महोदय,

सदर अर्जदार या संस्थेत सव्वीस वर्षे जैवसांख्यिकी तज्ज्ञ आहे. कोणत्या औषधावर किती रुग्ण किती वर्षे जगले, याचा आलेख काढणे हे त्याचे काम. इतरांच्या आकड्यांतील चुका त्याने डोळ्यांत तेल घालून शोधल्या आणि पुष्कळांना नकोसा झाला.

रुग्ण क्र. ४१७ ही अर्जदाराची थोरली बहीण. औषध सुरू झाल्यापासून चौथ्या वर्षी ती गेली. पुढच्या मार्चमध्ये पाठपुरावा कक्षातील बाईंचा शिरस्त्याप्रमाणे घरी फोन आला, "ताई कशा आहेत?" अर्जदाराच्या तोंडून निघून गेले, "बरी आहे." बाईंनी 'हयात' लिहिले. असे आठ मार्च गेले. एकदा तर त्याने "भाजी आणायला गेलीय" असेही ठोकून दिले. याची त्याला मनापासून लाज वाटते.

आता त्या औषधाच्या आलेखाचे शेवटचे टोक एकट्या ताईवर टेकलेले आहे. बारावे वर्ष दाखवून डॉक्टर रुग्णांना धीर देतात. गेल्या महिन्यात एका आईने अर्जदाराला जिन्यात गाठून विचारले, "साहेब, बारा वर्षं जगलेली ती बाई खरंच आहे ना? मुलीला दुसरं औषध सांगितलंय, पण आम्ही हेच घेणार." अर्जदाराने मान हलवली. तेव्हापासून तो हे अर्ज करीत आहे. काल त्याने तिला खरे सांगितले. ती म्हणाली, "कागद कशाला खोटं बोलेल?" येत्या सोमवारी मुलीचे औषध सुरू होत आहे.

ताईची सही अर्जदार हुबेहूब करू शकतो. शाळेत असताना प्रगतिपुस्तकावर केलेली आहे. परंतु आणखी खोटेपणा नको.

आपल्या नियमानुसार फोनवर घरच्यांनी दिलेले उत्तर ग्राह्य धरले जाते. तरी यंदाचा फोन सोमवारपूर्वी करावा, ही विनंती. अर्जदार फोनजवळ बसून राहील. बाईंनी नेहमीसारखेच "ताई कशा आहेत?" एवढे विचारावे. तसे विचारणारे आता दुसरे कोणी उरलेले नाही. त्यांनाही तो या वेळी खरे सांगेल.

आपला अपराधी,
(सही)
अर्जदार, रुग्ण क्र. ४१७ चा धाकटा भाऊ
दिनांक : २६ फेब्रुवारी

सोबत : मृत्यूचा दाखला, या वेळी मूळ प्रत.