हात मागे केलास तेव्हा

रोम, २० ऑगस्ट १६९८

प्रिय अस्कानिओ,

तुझा निरोप पोचला. उत्तर शेवटी देतो. आधी मला मोकळं होऊ दे.

सान लोरेन्झोच्या सणाला देवळात काय उकाडा होता! पुढे तुम्ही तिघं, दोन व्हायोलिनवाले आणि एक चेलोवाला; मागे आमचा सगळा ताफा. तुमचं सुरू झालं की आम्ही गज मांडीवर ठेवून गप्प बसायचं, आणि सगळ्यांची वेळ आली की तुमच्या सुरांत भर घालायची. यजमानाने हात आखडता घेतला की आम्हाला वगळून तुम्ही तिघंच तीच रचना वाजवता, आणि तिचं काही अडत नाही. एकाच गुरूकडे शिकलो आपण. पण ही बोच तुला कशी कळावी?

त्या दिवशी संथ भागात तुझी तार तुटली. तू वळलासही नाहीस, नुसता हात मागे केलास. मागच्याने आपलं वाद्य पुढे द्यायचं, हा रिवाजच. मी दिलं. आणि माझं ते व्हायोलिन असं गायला लागलं, की पुढच्या बाकांवरच्या बायका डोळे पुसू लागल्या. इतकी वर्षं माझ्या खांद्यावर असून ते माझ्याशी असं कधी बोललं नव्हतं. तुझा हेवा मला जुनाच आहे. त्या दिवशी पहिल्यांदा एका लाकडाचा राग आला.

शेवटी सगळे मिळून वाजवू लागले. माझ्या हातात तुझं वाद्य, एक तार तुटलेली, बाकीच्या उतरलेल्या. मी गज नुसता हवेत फिरवत राहिलो. कोणाला पत्ताही लागला नाही. नंतर टरबूज खाताना आपल्या जाड्या तुलिओला हे सांगितलं, तर म्हणतो, "तरीच म्हटलं लेका सिल्वेस्त्रो, आज आपण सुरात कसे!" सगळे हसले. मीही हसलो.

आता तू म्हणतोस, ते व्हायोलिन मला विक, मागशील ती किंमत देतो. वडिलांची आठवण आहे, असं कळवणार होतो. पण ते स्वतःच त्याला खोकं म्हणायचे. खरं सांगू? ते तुझ्याकडे गेलं तर रोज तसंच गाईल, आणि मला मागे बसून ऐकावं लागेल. म्हणून देणार नाही. येत्या रविवारी मी बरोबर तुझ्या मागे बसणार आहे. तार तुटलीच, तर हात मागे कर, मी देईन. फक्त या वेळी एकदा वळून बघ, कोणाकडून घेतोयस ते.

तुझाच, मागच्या रांगेतला
सिल्वेस्त्रो