यंत्राला धक्का नको म्हणून

केज,
१४ ऑक्टोबर २०२४

चि. रुद्राणीस अनेक आशीर्वाद.
तिकडं अमेरिकेत थंडी सुरू झाली असंल, कानाला बांधत जा. इकडं सोयाबीन निघालं, बाजारात गर्दी हाय. आपलं हार्डवेअरचं दुकान मात्र बंद होतं.

कावून बंद होतं, ते फोनवर सांगणं माझ्याच्यानं होईना. तुझी आई गेली. तीन तारखेला, सकाळी. न्युमोनिया झाला, बीडच्या दवाखान्यात सहा दिवस होती. आपल्या लिंगायत रीतीनं बसवून, हातात इष्टलिंग देऊन माती दिली. विधीला आलेल्या स्वामींनी विचारलं, पोरीला कळवलं का? मी हो म्हणलो.

तूच तिला सांगितलेलं, दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की त्याचा हिसका कोट्यवधी वर्षांनी आपल्यापर्यंत येतो, अणूच्या गाभ्याहून बारीक. दुर्बिणीला न दिसणारं ते, तू नोकरी करतीस तिथल्या यंत्राला कळतं. ताऱ्यांच्या टकरीत सोनं तयार होतं हे तिनं गल्लीभर केलं, सराफालाही सोडलं न्हाई. आन् रस्त्यानं ट्रक गेला तरी यंत्र हलतं, हे तर तिनं पक्कं धरलं.

दवाखान्यात मी फोन काढला की म्हणायची, "अवो, नका लावू. तिथं फोन वाजला तर यंत्राला धक्का लागंल, पोरीची नोकरी जाईल." ताप चढला की तुझंच नाव घ्यायची.

आता खरं लिहितो. फोननं काही होत न्हाई, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. शेजारच्या खाटेवर बंकट मास्तरांची आई होती, ते सायन्स शिकवतात, त्यांनी नीट समजावलं. मी तिला सांगितलं न्हाई. दोन दिवाळ्या तू आली न्हाईस. "ड्यूटी हाय, मीच फोन करीन" म्हणलीस, तर महिनाभर तोबी न्हाई. मला लई राग होता. वाटलं, ही बरी होऊन घरी येईल, मग तुला चांगलं सुनावीन. एवढीच माझी अक्कल.

शेवटच्या दिवशी तिनं विचारलं, "संपली का तिची ड्यूटी? आता लावा की." फोन माझ्या खिशात होता.

मी म्हणलो, "अजून न्हाई."

तुझं येणं झालं नसतं, पण तुझा आवाज तिच्या कानावर पडला असता. तो मी पडू दिला न्हाई. तुझा बाप म्हणून सही करायला हात धजत न्हाई.

वैजिनाथ