हात हलले की चित्र गोठते

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
दक्षिणदीप ब्रॉडबँड सेवा, चेन्नई.

विषय: माझ्या व तांबरम येथील बहिणीच्या इंटरनेट जोडणीदरम्यान मोठी पॅकेट्स गहाळ होत असल्याबद्दल.
संदर्भ: तक्रार क्र. ४४७१, आपल्या कार्यालयाचा दि. १५ जुलैचा ई-मेल.

महोदय,

इंग्रजीतले तीन अर्ज वाया गेले. आपण मराठी आहात असे कळले, म्हणून हा चौथा मराठीत.

मी व माझी बहीण अलकनंदा जन्मापासून बहिऱ्या आहोत. आम्ही हातांनी बोलतो. आई राजसबाई हिला ऐकू येते. आमच्यासाठी ती खुणा शिकली. ती अलकनंदाकडे असते. कामावर निघण्यापूर्वी आम्ही तिघी रोज कॅमेऱ्यावर बोलतो. माझी जोडणी आपली, बहिणीची दुसऱ्या कंपनीची.

१. मार्चपासून हात हलले की चित्र गोठते. आपले अभियंता श्री. दर्शन येऊन दहा मिनिटे कॅमेऱ्यापुढे हाताची घडी घालून बसले आणि कागदावर लिहून गेले, "चित्र उत्तम आहे." आम्हाला बोलताना हात हलवावे लागतात हे मी लिहून दाखवले, तेव्हा त्यांनी कमी हलवण्याचा सल्ला दिला.

२. माझ्या कारखान्याच्या संगणक विभागातील श्री. क्षितिज यांनी तपासून कारण काढले. चित्राचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा पत्ता घातलेल्या पॅकेटातून जातो. माणूस स्थिर असला तर पॅकेट लहान, हलला तर मोठे. आपले जाळे दुसऱ्या कंपनीच्या जाळ्याला मिळते तिथे लहान पॅकेट्स पार होतात, मोठी टाकून दिली जातात, आणि पाठवणाऱ्याला कळवलेही जात नाही. शंभर मोठी पाठवली. एकही पोचले नाही. यावर आपले कार्यालय म्हणते, हद्दीबाहेरचे आम्ही पाहत नाही. ती कंपनी म्हणते, आमच्या हद्दीत काही आलेच नाही. ही दोन्ही पत्रे शेजारी ठेवून वाचताना मला किळस आली.

३. १४ जूनला सकाळी अलकनंदाने खुणांनी सांगितले, "आईचे तोंड वाकडे झाले आहे. दवाखान्यात जाणार नाही म्हणते, तू लगेच ये." मला दिसले ते "आई" आणि "दवाखान्यात". त्या दिवशी आईचा रक्तदाब तपासायचा होताच. मी मान डोलावली. तेवढी तिकडे पोचली. मी निघाले असे समजून त्या दोघी थांबल्या. मी कामावर गेले. दोन तासांनी "कुठे आहेस?" असा अलकनंदाचा एसएमएस आला. मी पोचेपर्यंत आईची उजवी बाजू गेली होती. डॉक्टरांनी लिहून दिले, आणायला उशीर झाला.

४. यानंतर मी पुन्हा तक्रार केली. आपण ती बंद केलीत. ई-मेलमधील कारण: "ग्राहक दूरध्वनी उचलत नाही." तक्रारीच्या पहिल्याच ओळीत मी बहिरी असल्याचे लिहिले होते.

तरी तक्रार पुन्हा उघडावी, दोन्ही कंपन्यांचे अभियंते एकत्र बसवावेत आणि चाचणी मोठ्या पॅकेट्सनी, माझ्यासमोर घ्यावी. आई आता डाव्या हाताने खुणा करायला शिकते आहे. एकेक खूण जमायला तिला फार वेळ लागतो. त्या मला दिसल्या पाहिजेत.

आपली, नाइलाजाने अजून ग्राहक,
विद्युलता पालकर
वेलचेरी, २१ जुलै २००८

सोबत: चाचणीचा तक्ता, दोन्ही कंपन्यांची पत्रे, डॉक्टरांचा दाखला.